वर्षावनातील कीटकभक्षी अँटबर्ड आणि अधिवासाचे विखंडन

मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्णकटिबंधीय वर्षावनांत, जमिनीलगतच्या दाट व अंधाऱ्या थरात 'अँटबर्ड' या कुळातील कीटकभक्षी पक्षी आढळतात. नावावरून ते मुंग्या खात असावेत असा समज होतो. वस्तुतः लष्करी मुंग्यांच्या झुंडी पालापाचोळ्यातून सरकू लागल्या, की नाकतोडे, झुरळे आदी कीटक जीव वाचविण्यासाठी बाहेर पडतात आणि या कुळातील काही प्रजाती त्यांना टिपून खातात. एकाच वसाहतीतील मुंग्या रोज मोठ्या झुंडीने बाहेर पडतातच असे नाही. त्यामुळे या पक्ष्यांना अनेक वसाहतींवर लक्ष ठेवावे लागते व त्यासाठी विस्तीर्ण, सलग अरण्य आवश्यक ठरते.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडविल्यानंतर गातून जलाशयातील एक टेकडी १९१४ च्या सुमारास बारो कोलोरॅडो बेट बनली. तेथील अरण्य संरक्षित राहिले. तरीही एडविन विलिस यांनी अभ्यासलेला ओसेलेटेड अँटबर्ड कालांतराने त्या बेटावरून नाहीसा झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच जलाशयावर नावेतून विविध वनपक्षी सोडण्यात आले. त्यांपैकी काही प्रजातींच्या पक्ष्यांना १०० मीटर अंतरही उडून पार करता आले नाही.

पंख असूनही या पक्ष्यांना लहानसे मोकळे अंतर अनुल्लंघनीय ठरू शकते. एकदा नाहीशी झालेली प्रजाती अशा ठिकाणी पुन्हा सहजासहजी येत नाही. म्हणूनच वनसंरक्षणाचे मूल्यमापन करताना क्षेत्रफळाइतकाच अरण्याच्या सलगतेचाही विचार होणे अगत्याचे आहे.