कचारगडची गुहा व लिंगोकथेंतील स्थलनिर्देश

गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांतील दरेकसा गांवानजीकच्या डोंगरांत कचारगड नांवाचें गोंड लोकांचें आद्य देवस्थान आहे. प्रतिवर्षीं माघी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राप्रमाणेंच छत्तीसगड, मध्यप्रदेश व तेलंगण येथूनही यात्रेकरू येतात. यात्रेनिमित्त आम्ही तेथें गेलों असतां जो विचार सुचला, तो संशोधकांपुढें ठेवीत आहों.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दरेकसा स्थानक लागतें. पुढें धनेगांवावरून अरण्यांतून गड चढावा लागतो. मूळ देवस्थान म्हणजे डोंगराच्या पोटांतील प्रचंड नैसर्गिक गुहा. जपानांत नारानजीक ओमिवा येथें निराळा गाभारा नसून मिवा पर्वतच देवस्वरूप मानितात. तसाच कांहींसा प्रकार येथें दिसतो.

गोंडांच्या परंपरेप्रमाणें कली कंकालीचीं तेहतीस मुलें याच गुहेंत कोंडलीं होतीं. पारी कुपार लिंगो, रायताड जंगो व वादक हिरासुका यांनीं तीं सोडविलीं. द्वारावरील शिळा सरकवितांना हिरासुका प्राणास मुकला. पुढें लिंगोनें गोत्रांची व्यवस्था लाविली. चार, पांच, सहा व सात देवांचे असे जे गट गोंडांत आहेत, त्यांत समान देवसंख्येच्या कुळांत विवाह होत नाहीं. म्हणजे ही कथा केवळ मनोरंजनाची नव्हे. तीवर समाजाचा व्यवहार चालत आला आहे.

आतां वादाचा मुद्दा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एका परधानाच्या तोंडून लिंगोचें गीत उतरवून घेतलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १८६६ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत गोंडांना कोंडणारा महादेव असून गुहा धवलगिरीवर आहे. छापील ग्रंथ जुना, म्हणून कचारगडची परंपरा मागाहूनची, असा निर्णय कोणी सहज देईल. आम्हीही अनेक वर्षें तसेंच समजत होतों.

परंतु हा निर्णय घाईचा होय. संस्कृत ग्रंथाची एकच पोथी हातीं आली असतां तीवरून इतर पाठ खोटे ठरवीत नाहींत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करितांना शेंकडों पोथ्या ताडून पाहिल्या. हिस्लॉपचें गीत हा एका गायकाचा एक पाठ आहे. तो १८६६ पूर्वीं लिहिला गेला, एवढ्यावरून न लिहिलेला पाठ अर्वाचीन ठरत नाहीं. उलट, कचारगड हेंच मूळ स्थान, असेंही केवळ यात्रेवरून सिद्ध होत नाहीं.

गडाखालीं एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं विचारलें, "आपणांकडे यासंबंधीं जुना कागद कांहीं आहे काय?" ते म्हणाले, "गुरुजी, कागद कसला? आमचें सारें गाण्यांत आहे." प्रश्न विचारल्याचा आम्हांस संकोच वाटला.

किंगरीवर ही कथा गाणारे परधान आतां विरळ होत चालले आहेत. पोथीसाठीं आपण गांवोगांव हिंडतों, तसेंच यांच्याकडेही जावें. गायकाचें गांव, कुळ व देवसंख्या नमूद करून प्रत्येक पाठ जसाच्या तसा मूळ गोंडींत उतरावा. पाठ जमल्यावांचून स्थलनिश्चयाचा वाद व्यर्थ आहे. आणि पोथी कपाटांत थांबते, गायक थांबत नाहीं.