धरण भरले: एकीला आनंद, दुसरीला घोर



एका घरच्या दोन लेकी मला ठाऊक आहेत. एक दिली कृष्णाकाठी, दुसरी दुष्काळी आटपाडीत. ‘कोयना धरण भरत आले’ ही बातमी लागली की धाकटी देवापुढे साखर ठेवते. टेंभू योजनेला उन्हाळ्यात पाणी मिळणार, डाळिंब जगणार! थोरली मात्र त्याच बातमीने गोठ्याकडे धावते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तिने पाहिले आहेत.

बातमी एक, मग असे का?

धरणाकडून आपण तीन कामे मागतो. शेतीला पाणी हवे, तर पावसाळ्याअखेर धरण काठोकाठ हवे. पूर अडवायचा, तर भर पावसात त्याचे पोट रिकामे हवे. आणि विजेसाठी पाणी वर्षभर सोडत राहावे लागते. कोयनेचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज देते आणि पुढे वाशिष्ठी नदीला मिळते. ते पाणी कृष्णेत परत येत नाही. पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेले पाणी मात्र वीजही देते आणि नदीवाटे आपल्या पिकालाही मिळते.

आता पुराचा हिशेब पाहा. धरणात १०५.२५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. सेकंदाला एक लाख घनफूट पाणी दिवसभर येत राहिले, तर चोवीस तासांत साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी जमते. म्हणजे दहा टीएमसी जागा उरली असली, तरी ती जेमतेम सव्वा दिवसाची! मग दरवाजे उचलण्यावाचून इलाज नसतो. म्हणूनच कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचे, हे आधी ठरवलेले असते. जुलैत थोडी जागा राखली तर पाणी वाया घालवले असे समजू नये. आणि पूर एकट्या कोयनेचा नसतो. धरणाखाली पडणारा पाऊस आहे, सांगलीजवळ हरिपूरला मिळणारी वारणा आहे.

म्हणून काठावरच्या घरांनी एवढे करावे. धरण किती टक्के भरले, एवढ्यावर न थांबता विसर्ग किती, हेही रोज विचारावे. इशारा येताच नदीवरची मोटर व स्टार्टर वर काढावेत. जनावरांची दावी आधी सोडावीत, वैरण उंचावर न्यावी. बियाणे, सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. पूररेषेच्या आत नवे घर वा गोठा बांधू नये.

माळावरच्या बांधवांनी आलेले पाणी ठिबकने जपून वापरावे. या पाण्यासाठी कोयना खोऱ्यातील कित्येक कुटुंबांनी घरदार सोडले आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला.

धरण आपले काम करते. पण त्याच्या पोटात जागा किती उरली, यावर थोरलीने आणि धाकटीनेही लक्ष ठेवले पाहिजे.