खनिज तेलाची विषम वाटणी

सोलापूर जिल्ह्यातील काळ्या मातीत ज्वारी उत्तम पिकते. परंतु त्या मातीखालच्या खडकात खनिज तेल तयार झालेले नाही. हा खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला आहे. तेल व नैसर्गिक वायू बहुधा समुद्रतळाशी साचलेल्या गाळात, सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून, कोट्यवधी वर्षांनी तयार होतात. म्हणूनच निसर्गाने हे धन सर्वांस सारखे वाटलेले नाही. जगातील ज्ञात तेलसाठ्यांपैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या पश्चिम आशियात आहे. भारतात आसामातील दिगबोई येथे १८८९ साली, तर मुंबईजवळच्या समुद्रात ‘मुंबई हाय’ येथे १९७४ साली तेल लागले. तथापि, आपल्या गरजेच्या चारपंचमांशांहून अधिक तेल परदेशांतूनच आणावे लागते.

तेल नसले, तरी त्याची गरज कोणत्याही गावास चुकत नाही. सोलापूरचे ट्रॅक्टर व मालमोटारी तेलावरच चालतात. मुंबईत शुद्ध झालेले तेल पुण्यावरून भूमिगत नळाने सोलापूरनजीक पाकणी येथे येते व तेथून टँकरने गावोगाव जाते. ज्वारी दरवर्षी पेरता येते. तेल पेरता येत नाही. म्हणून त्याचा प्रत्येक थेंब जपून वापरणे, हेच शहाणपणाचे होय.