नळातली हवा

अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यात आणलं. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे मोट लागली नाही की रहाट. जमिनीखालच्या बांधीव नळातून पाणी स्वतःच्या वजनाने उतरत शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत पोहोचलं. या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधकाम जमिनीच्या वर काढून त्याचं तोंड उघडं ठेवलेलं होतं. त्यांना उच्छ्वास म्हणत. पाण्याबरोबर हवाही नळात शिरते आणि तिला वाट दिली नाही तर ती पाण्याचीच वाट अडवते, हे त्या कारागिरांना पक्कं माहीत होतं.

नळकाम शिकायचं म्हटलं की आपण पाइप पाना, करवत आणि पांढऱ्या टेपचं भेंडोळं गोळा करायला लागतो. हत्यारं लागतातच. पण अनुभवी प्लंबर काम कसं करतात ते लक्षपूर्वक पाहिलं आणि त्यांच्या धंद्याचे नियम वाचले, तर वेगळंच ध्यानात येतं. पाणी डोळ्यांना दिसतं, त्यामुळे ते लवकर समजतं. कारागीर आणि नवशिक्या यांच्यातला फरक हवेपाशी पडतो. घरातल्या नळकामाचे निम्म्याहून अधिक नियम तिच्यासाठी आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरुवात मात्र पाण्याच्या दाबापासून करावी लागते. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतो. ‘दोन किलोचं प्रेशर’ असं प्लंबर म्हणतो तेव्हा तो वीस मीटर उंचीच्या पाण्याबद्दल बोलत असतो. हा दाब उंचीवर ठरतो, टाकी किती मोठी आहे यावर नाही. गच्चीवर पाचशे लिटरऐवजी हजार लिटरची टाकी बसवली म्हणून शेवटच्या मजल्यावरचा शॉवर जोरात येत नाही. तिथे टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. टाकी उंच चबुतऱ्यावर चढवा, नाहीतर पंप लावा. तिसरा इलाज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हाच नियम उलट्या अंगाने दिसतो. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी तिथल्या उंच भिंतीत आपोआप वर चढतं, कारण झऱ्याची पातळी भिंतीच्या माथ्याहूनही वर आहे.

दाब आणि धार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही इथेच समजून घ्यावं. धंद्यात पाइप सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे अर्ध्या इंचाचा पाइप चार सुताचा. एक इंची पाइप त्याच्या दुप्पट रुंद दिसतो, पण त्याचं तोंड चौपट मोठं असतं आणि घर्षण कमी असल्यामुळे पाणी चौपटीहूनही जास्त वाहतं. टाकीपासून खाली येणारा मुख्य पाइप बारीक घालून पैसे वाचवलेल्या घरात खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरची आंघोळ थांबते. नंतर कितीही महागडे नळ बसवले तरी ती चूक भरून येत नाही.

आता हवेकडे. १७व्या शतकात इटलीतल्या पंप बनवणाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. पंप कितीही चांगला असला तरी साधारण दहा मीटरपलीकडे पाणी वर ओढताच येत नव्हतं. गॅलिलिओने १६३८च्या आपल्या ग्रंथात या मर्यादेची नोंद केली. त्याच्यानंतर टोरिचेल्लीने तिचा उलगडा केला: पंप पाणी ओढतच नाही. तो नळातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचं वजन पाणी वर ढकलतं. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या अंगात तेवढंच बळ आहे, सुमारे १०.३ मीटर पाण्याचं. व्यवहारात सात-आठ मीटर मिळाले तरी पुष्कळ. आपल्याकडे खोल विहिरींत पंप काठावर न ठेवता आत टप्पा करून पाण्याजवळ का उतरवत, याचं कारण हेच. ओढनळीच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की पंपातलं पाणी उतरतं, त्या जागी हवा भरते आणि मोटर नुसती फिरत राहते. ओढीच्या बाजूच्या सांध्याला बारीक फट असेल तर तिथून पाण्याचा थेंबही बाहेर पडत नाही, हवा आत जाते. गळती शोधायची म्हणून ओल शोधणारा माणूस इथे हमखास फसतो.

घरात ही हवा सर्वांत आधी त्रास देते ती टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर. पाइप कुठे कमानीसारखा वर उचललेला असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकून बसते. टाकी कमी उंचीवर असली की दाब इतका कमी असतो की पाण्याला ती हवा पुढे रेटता येत नाही. सोलर हीटर असलेल्या घरांत ‘गार पाणी येतं, गरम येत नाही’ ही तक्रार असते, तिचं मूळ पुष्कळदा यातच सापडतं. उपाय दोन. आडवे पाइप एकाच दिशेने सलग चढते किंवा उतरते ठेवायचे आणि टाकीतून निघालेल्या पाइपला सुरुवातीलाच, टाकीच्या माथ्याहून उंच, उघड्या तोंडाची उभी नळी जोडायची. गच्चीवर टाकीशेजारी उगीच उभी असल्यासारखी दिसणारी ती नळी म्हणजे त्या घराचा उच्छ्वास. दुरुस्तीच्या वेळी ‘ही कशाला?’ म्हणून कुणी ती कापून बूच मारलं की तक्रारी सुरू होतात.

पण नळकामाची खरी परीक्षा सांडपाण्याच्या बाजूला आहे. पाणी घरात आणणं त्यामानाने सोपं. घाण बाहेर पाठवताना गटारातली हवा घरात येऊ द्यायची नाही, हे अवघड. त्यावरचा तोडगा इतका साधा आहे की त्याचं मोल चटकन कळत नाही: नळीला बाक द्यायचा आणि त्या बाकात पाणी कायम साठलेलं ठेवायचं. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात असा बाक होता. आपल्या मोरीतला नहाणी ट्रॅप, बेसिनखालची बाटलीच्या आकाराची वस्तू, कमोडच्या भांड्यातलं स्थिर पाणी, सगळं एकाच जातीचं. पन्नास मिलिमीटर खोलीचं हे पाणी आपल्या आणि गटाराच्या मध्ये उभं असतं. दुसरा दरवाजा नाही.

हा पाण्याचा पडदा मोडण्याची एक तऱ्हा म्हणजे तो ओढला जाणं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की उभ्या पाइपातून पाण्याचा लोट खाली जातो आणि त्याच्या मागे हवेची ओढ तयार होते. पाइपाला वरून हवा मिळाली नाही तर तो ती आपल्या ट्रॅपमधून घेतो आणि जाता जाता पाणीही नेतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला बिडाचे पाइप छपराच्याही वर गेलेले दिसतात. त्यांच्या उघड्या तोंडावर जाळी असते. ते पाइप पाणी नेण्यासाठी वर गेलेले नाहीत, हवा घेण्यासाठी गेले आहेत. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना हे तोंड बुजवलं की काही दिवसांत खालच्या घरांतल्या मोऱ्या गुडगुडायला लागतात. वर फ्लश झाल्यावर खाली गुडगुड ऐकू आली तर आधी गच्चीवर जाऊन पाइपाचं तोंड पाहावं. चोकअपवाल्याला बोलावणं नंतर.

दुसरी तऱ्हा म्हणजे पाणी नुसतं वाळून जाणं. तिची जबर किंमत हाँगकाँगने मोजली. मार्च २००३मध्ये तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत ३२१ रहिवासी बाधित झाले. तपासात संशयाची सुई न्हाणीघरातल्या जमिनीवरच्या ट्रॅपकडे वळली. तिथे फरशी धुण्याऐवजी पुसली जाई, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते. एग्झॉस्ट पंखा लावला की तो सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढून घेत होता. पंखा निर्दोष होता, कमी होतं ते वाटीभर पाणी. आपल्याकडे मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांचे फ्लॅट आणि कोकणातली बंद घरं महिनोन्‌महिने कुलपात असतात. अशा घरात शिरताच जो कुबट दर्प येतो त्यावर अत्तर किंवा फिनेल हा उपाय नव्हे. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावं. घर बंद करून जाताना ट्रॅपमध्ये चमचाभर खाद्यतेल सोडलं की वर तवंग धरतो आणि पाणी सावकाश वाळतं.

पिण्याच्या पाण्यातही ही ओढ घात करते. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेला येतं. पाणी जातं तेव्हा रस्त्याखालची वाहिनी उतारावर रिकामी होते, आत पोकळी निर्माण होते आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. पाणी येताना पहिली काही मिनिटं ते गढूळ असतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. नळाला जोडलेली रबरी नळी कपड्यांच्या बादलीत बुडवून ठेवली तरी तोच धोका घरात येतो: पाणी गेलं की साबणाचं पाणी नळात परत. म्हणून नळाचं तोंड आणि भांड्याची कड यांच्यात मोकळं अंतर हवं. त्याहून भरवशाचा व्हॉल्व्ह अजून कुणी बनवलेला नाही.

सांधे करणं हा हातसवयीचा भाग आहे. अर्ध्या इंची पाइपाला इंचाला चौदा आटे असतात आणि पाइपाची आटेवाली बाजू किंचित निमुळती असते, त्यामुळे सांधा जसा फिरेल तसा आवळत जातो. टेफ्लॉनची टेप चिकटत नाही. ती आट्यांना गुळगुळीत करते, म्हणून ते आणखी फिरतात आणि उरलेल्या फटी भरतात. ती आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी, उलट गुंडाळली तर बसवताना सुटून येते. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपांचं सोल्युशनसुद्धा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, म्हणून पाइप आत सारताना पाव वळसा द्यायचा आणि काही क्षण हलू न देता धरून ठेवायचा.

हे सगळं आयटीआयमध्ये एका वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकवलं जातं. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याने तर पिढ्यान्‌पिढ्या देशाला प्लंबर पुरवले आणि तिथल्या पट्टामुंडईला या कामाची खास सरकारी संस्था आहे. आपल्या तालुक्यांनीही हे मनावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. २०१९च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमुळे माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवून गावोगाव नळ पोहोचले. नळ बसवायला ठेकेदार येतो, पण तीन वर्षांनी व्हॉल्व्ह अडकला तर गावातच हात हवा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवतो. वॉशर दहा-पाच रुपयांचा असतो, पण तो बदलता येणारं माणूस वाडीत नसतं. मुलींनाही या कामात आणायला हवं. पाण्याची ने-आण आजवर त्यांच्याच डोक्यावर होती, आता पानाही त्यांच्या हाती यावा.

शिकणाऱ्याने एक काम मात्र कुणाच्याही घाईला न जुमानता स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यावं: नवा पाइप भिंतीत बुजण्याआधीची दाबाची चाचणी. सगळी तोंडं बंद करून पाइप सर्वांत खालच्या टोकाकडून हळूहळू भरायचा आणि सर्वांत वरचं तोंड उघडं ठेवायचं. तिथून आधी फुसफुस येते, मग हवामिश्रित पिचकाऱ्या, मग सलग धार. धार सलग झाल्याशिवाय ते तोंड बंद करायचं नाही. आत हवा राहिली तर ती दाबली जाते, बारीक गळती असूनही काटा पटकन उतरत नाही आणि सांधा निसटला तर दाबलेली हवा तो जोराने उडवते. हवा पूर्ण निघाल्यावर हातपंपाने दाब चढवायचा, मापकावर काट्यापाशी खडूने खूण करायची आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवायचा. ठरलेला वेळ काटा खुणेवर राहिला आणि सगळे कागद कोरडे निघाले, की गवंड्याला भिंत बुजवायला सांगावं.