नवा लेखक सापडतो कसा?

‘काहीतरी वाचायला सांगा हो, पण डोक्याला ताप देणारं नको,’ ही मागणी माझ्याकडे नेहमी येते. त्यात दोन पंथ आहेत. एका पंथाला प्रेमकथा हवी असते, पण आजच्या काळातली. नायिका नोकरी करणारी, घरातल्या कटकटी ओळखीच्या. दुसऱ्या पंथाला रहस्यकथा हवी असते, पण रक्ताचे सडे नकोत. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. गाव लहान, खून पडद्याआड, शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नव्हेच. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली ती अशीच. विणकाम करता करता शेजारपाजारच्या बारीकसारीक गोष्टी टिपणारी अविवाहित म्हातारी! आपल्या प्रत्येक वाड्यात अशी एक आजी असायची. तिच्यावर मराठीत कुणी मालिका कशी लिहिली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे हे वाचन होतं, पण ते चारचौघांत सांगायची लाज होती. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाडजूड ग्रंथ आणि उशीखाली चंद्रकांत काकोदकर, असा पुष्कळ घरांचा रिवाज. काकोदकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये निर्दोष सोडलं. गंमत अशी की, त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ त्याच १९६९ मध्ये पडद्यावर आला आणि ती गोष्ट सगळ्या घरानं एकत्र बसून पाहिली.

मग लेखक सापडायचे कुठं? वाचनालयाच्या टेबलापाशी. बँकेच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलायचं. विदर्भातल्या नव्या गावी रुजू झालो की मी आधी खानावळ शोधायचो आणि मग वाचनालय. ‘क’ वर्गातलं असो की ‘ड’ वर्गातलं, दोन लाकडी कपाटं कादंबऱ्यांची असायचीच. पुस्तक निवडताना मी मुखपृष्ठ बघत नसे. मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी बघायचो. बँकवाल्याची सवय म्हणा! ज्या पट्टीवर शिक्क्यांवर शिक्के पडलेत ते खातं चालू; ज्यावर सात वर्षांत दोनच तारखा, ते निष्क्रिय. समीक्षकांचं मत मागाहून कळायचं, वाचकांचं त्या पट्टीवर आधीच नोंदलेलं असायचं. शिवाय समासात पेन्सिलीचे शेरे. ‘रडू आलं’, ‘शेवट पटला नाही’, ‘दीर असा नसतो’. एका महाभागानं तर पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. आणि फाटायचं ते नेमकं शेवटचंच पान.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. इंग्लंडमधल्या ‘मिल्स अँड बून’ची स्थापना १९०८ ची, पण प्रेमकथांचं प्रकाशन म्हणून तिचं नाव झालं ते १९३० च्या दशकात, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या छोट्या दुकानांमुळं. वाचक बायका तिथं लेखिकेचं नाव विचारत नसत, तपकिरी बांधणीचं नवं पुस्तक मागत.

या व्यवहाराची दुसरी बाजू मात्र कडू आहे. जी पुस्तकं प्रामुख्यानं वाचनालयांत खपली, ती घरोघरी कुणी जपून ठेवली नाहीत. शंभर हातांतून फिरून ती खिळखिळी झाली, मग वाचनालयानं ती खात्यातून काढून टाकली आणि लेखकही त्यांच्याबरोबर गेला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावं एका पिढीला तोंडपाठ होती. १९९६ मध्ये ते गेले. आज त्यांची पुस्तकं मागायला गेलात तर मूठभर हाती लागतील. कॅप्टन दीपचे जनक गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले, त्यांचीही तीच गत. सुहास शिरवळकरांचं नशीब थोडं बरं. ते २००३ मध्ये गेले आणि दहा वर्षांनी, २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ चित्रपट आला. तो पाहून तरुण मुलं कादंबरीकडे वळली आणि तिथून काही जण अमर विश्वास, दारा बुलंदच्या कथांपर्यंत पोचले.

सगळ्यात जास्त हाल लेखिकांचे झाले. कोल्हापूरच्या डॉ. सुमती क्षेत्रमाडे रुग्ण तपासून कादंबऱ्या लिहीत. त्यांची ‘महाश्वेता’ तरी लोकांना आठवते. रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर आमदार होत्या आणि लोकप्रिय कादंबरीकारही. योगिनी जोगळेकर लिहीत आणि गातही. शैलजा राजे यांची कादंबरी आमच्या घरी एका दुपारी तीन जणी फिरवून वाचत. वाङ्मयाच्या इतिहासात यांना किती ओळी मिळतात, ते तुम्हीच उघडून बघा. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो: दुपारच्या वेळी, कामं आटोपून दमलेल्या बाईला दोनशे पानं जागी ठेवणं सोपं नाही.

आता विचारणाऱ्यांना मी काय सांगतो? रक्तपात नको असेल तर सत्यजित राय यांच्या फेलूदापासून सुरुवात करा. हा गुप्तहेर १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून अवतरला आणि अशोक जैन यांनी तो छान मराठीत आणला. अनुवाद आवडला की अनुवादकाचं नाव लक्षात ठेवा. चांगला अनुवादक सहसा चांगल्याच लेखकाच्या दारात नेतो. ‘धनंजय’, ‘नवल’चे जुने दिवाळी अंक मिळाले तर अनुक्रमणिकेतलं अनोळखी नाव आधी वाचा. आणि आमच्या नागपुरात असाल तर सीताबर्डीवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे थोडं वाकून बघा. परीक्षांच्या गाइडांच्या ढिगाखाली अजून कधी कधी एखादी कादंबरी निघते. वाचनालयाचा शिक्का आणि तारखांची पट्टी तशीच.

माळ्यावर आई-आजीची पत्र्याची पेटी असेल, तर रद्दीवाला येण्याआधी एकदा उघडा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल. फक्त शेवटचं पान जागेवर आहे ना, तेवढं बघून घ्या.