जपानी ठसाचित्रांतील मांजर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानच्या एदो काळात (1603–1868) लाकडी ठशांवरून छापल्या गेलेल्या चित्रांना ‘उकियो-ए’, म्हणजे तरंगत्या जगाची चित्रे, असे म्हणतात. ही चित्रे एकट्या चित्रकाराने रंगवलेली असतात, हा त्यांच्याविषयीचा सर्वात सार्वत्रिक गैरसमज होय. प्रत्यक्षात चित्रकार केवळ रेखाटन करी, कोरणारा कारागीर ते चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा कोरी, आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी वापरी. या सर्वांना प्रकाशक कामाला लावी. कापडावर ठसे उमटवणारा छिपा ठसा वरून दाबतो, येथे मात्र रंग लावलेल्या फळीवर कागद ठेवून त्याची पाठ ‘बारेन’ नावाच्या चपट्या गादीने घासली जाई. अशी चित्रे बाजारात स्वस्तात विकली जात. पुढे 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने शिळाछापाच्या तंत्राने महाराष्ट्रात घरोघरी चित्रे पोचवली, तसेच हे होते.

मांजरांच्या चित्रांचे नाव निघाले की उतागावा कुनियोशी (मृत्यू 1861) याचे नाव येतेच, आणि त्याच्याविषयी परस्परविरुद्ध असे दोन समज आढळतात. एका समजानुसार त्याची मांजरे ही निव्वळ मार्जारप्रेमाची खूण आहे, तर दुसऱ्यानुसार ती केवळ सरकारी बंदी चुकवण्याची युक्ती आहे. मंत्री मिझुनो तादाकुनी याच्या सुधारणांच्या काळात, 1842 साली, काबुकी नाटकांतील नट आणि गणिका यांची चित्रे छापण्यास मनाई झाली, आणि त्यानंतर नटांचे चेहरे मांजरांच्या अंगावर चढवून ओळख शाबूत ठेवण्याचा मार्ग कुनियोशीला फार उपयोगी पडला, हे खरे आहे. परंतु घरात अनेक मांजरे बाळगणारा आणि किमोनोच्या छातीच्या घडीत पिल्लू घेऊन काम करणारा चित्रकार अशी त्याची ख्याती आहे, आणि बंदी उठल्यावरही त्याची मांजरे थांबली नाहीत. 1850 च्या सुमारास त्याने तोकाइदो महामार्गाच्या 53 मुक्कामांवर, दोन्ही टोके धरून, 55 ठिकाणांची शब्दकोटी मांजरांतून मांडली: ‘निहोनबाशी’ या आरंभस्थानासाठी ‘निहोन दाशी’, म्हणजे रश्शाच्या सुक्या माशाच्या दोन कांड्या, आणि त्या ओढणारे मांजर. येथे बंदीचा काहीच संबंध उरत नाही. भाषेचा आणि प्राण्याच्या निरीक्षणाचा आनंद तेवढा उरतो.

उतागावा हिरोशिगे (1797–1858) याच्या 1857 मधील ‘आसाकुसाची भातशेते आणि तोरीनोमाची उत्सव’ या चित्रातील, खिडकीच्या गजांआडून बाहेर पाहणारे पांढरे मांजर अनेकांना गोंडस शोभेचे चित्र वाटते. पण ती खोली योशिवारा या गणिकांच्या वस्तीतील आहे. चौकटीवर हात पुसायचे वस्त्र आणि वाडगा, जमिनीवर उत्सवातील दाताळ्याच्या आकाराच्या केसांच्या पिना, आणि दूर शेतांतून जत्रेला निघालेली माणसे दिसतात. स्त्री चित्रात नाही, ती पडद्याआड गिऱ्हाइकापाशी आहे हे त्या वस्तूंवरून सुचते, आणि तिला बाहेर जाता येत नाही हे मांजराच्या पाठमोऱ्या बसण्यातून कळते. एवढ्या संयमाने केलेली करुणेची मांडणी क्वचितच आढळते.

त्या मांजराची आखूड शेपटी ही चित्रकाराची चूक नव्हे. जपानमध्ये आखूड शेपटीची मांजरे जनुकीय कारणाने पूर्वीपासून आहेत. लांब शेपटी दुभंगून मांजराचे ‘नेकोमाता’ हे भूत होते, अशी समजूतही होती, आणि काबुकीतील ओकाझाकीची मांजर-चेटकीण कुनियोशीने छापचित्रांत रंगवली. यावरून, मांजर आडवे गेल्याचा अपशकुन मानणाऱ्या मराठी वाचकाला जपानी मांजर अशुभच वाटू शकते. परंतु त्याच कुनियोशीचे उंदीर घालवणारे मांजराचे चित्र लोक घरात संरक्षणासाठी लावत. पंजा उंचावून ग्राहकाला बोलावणारे ‘मानेकी-नेको’ मात्र फार प्राचीन नाही, आणि ते चिनीही नाही. त्याच्या मूर्ती विकणारे दुकान हिरोशिगेच्या 1852 मधील एका ठसाचित्रात दिसते, आणि त्या मूर्तीच्या सर्वात जुन्या चित्रित पुराव्यांत त्याची गणना होते.

कुनियोशीचा शिष्य उतागावा योशिफुजी (1828–87) याने पुढे मुलांसाठी खेळण्याची चित्रे काढली, ज्यांत मांजरे हमामात आंघोळ करताना दिसतात. ती कात्रीने कापून खेळण्यासाठीच छापलेली असल्यामुळे त्यांच्या फार थोड्या प्रती शाबूत राहिल्या.