वळवाचें वेळापत्रक

चैत्र-वैशाखांत देशावरील एखाद्या शहरांत सकाळीं पाहावें, तर आकाश निरभ्र असतें. गच्चीवर जुनें लुगडें अंथरून कुरडया व सांडगे वाळत घातलेले असतात. मैदानावर मुलांचा क्रिकेटचा डाव रंगांत आलेला असतो, आणि एखाद्या घरासमोर लग्नाचा मांडव उभा रहात असतो. दुपारीं तीनपर्यंत उन्हाचा ताप वाढतच जातो. चारच्या सुमारास क्षितिजावर काळा डोंगर उभा रहावा तसा ढग दिसूं लागतो. वारा एकाएकीं पडतो, आणि पाठोपाठ धुळीचा लोट येतो. मांडवाचें कापड उडतें, कुरडया भिजतात, मुलें झाडाखालीं धांवतात. सहा वाजतां पुन्हां आकाश स्वच्छ! मग घरोघर हवेच्या लहरीपणास दोष दिला जातो.

हा दोष सर्वस्वीं खरा नाहीं. वळीव नेमका कोणत्या पेठेंत पडेल हें आदल्या दिवशीं सांगतां येत नाहीं; परंतु दिवसाच्या कोणत्या वेळीं तो येण्याचा संभव अधिक, हें बरेंच सांगतां येतें. वळवाला स्वतःचें एक वेळापत्रक आहे. तें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या कुरडयाच नव्हे, तर प्रसंगीं प्राणहि वांचतात.

मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. तेथून तो उत्तरेकडे सरकूं लागतो, आणि मेच्या मध्यास मुंबई-पुण्याच्या थेट माथ्यावर येतो. समुद्राचें पाणी सावकाश तापतें. जमीन मात्र लवकर तापते. सूर्य माथ्यावर येतो बाराच्या पुढें, पण जमिनीलगतची हवा अत्यंत तप्त होते ती दोन ते चारच्या दरम्यान. कारण चुलीवरील तव्याप्रमाणें जमिनीलाहि तापण्यास वेळ लागतो. तप्त हवा हलकी होऊन वर चढते. ती कोरडी असेल, तर शेतांतून वावटळी फिरतात आणि तेवढ्यावरच भागतें. परंतु तिच्यांत बाष्प असेल, तर पुढचा सारा खेळ सुरू होतो.

हें बाष्प समुद्रावरून येतें. या दिवसांत वायव्येकडील कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे दमट वारे यांची गांठ पुष्कळदां विदर्भ, मराठवाडा व कर्नाटक यांवरून जाणाऱ्या एका लांबट पट्ट्यांत पडते. हा पट्टा रोज थोडा इकडे-तिकडे सरकतो. म्हणूनच आज सोलापुरास पाऊस, तर उद्यां साताऱ्यास, असा प्रकार होतो. भूमीपासून वर जावें तसतशी हवा दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होत जाते. चढणाऱ्या हवेंतील बाष्पाचे त्या थंडींत जलबिंदु होतात, आणि तसें होतांना बाष्पांतील गुप्त उष्णता बाहेर पडते. ही उष्णता ढगाला आणखी वर ढकलते. अशा रीतीनें दोन प्रहरीं कापसाच्या पुंजक्याएवढा दिसणारा ढग संध्याकाळपर्यंत बारा किलोमीटरांहूनहि उंच जातो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, म्हणजे तो पूर्ण वाढला असें समजावें.

पाऊस पडूं लागला, कीं त्याच्यासवें वरची थंड, जड हवा वेगानें खालीं कोसळते आणि जमिनीवर चोहोंकडे पसरते. मातीचा सुगंध घेऊन येणारी थंडगार झुळूक ती हीच. आणि मांडव उडविणारा वाराहि हाच. हा वारा पावसाच्या आधीं येतो, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत दुपारीं चारच्या पुढें असेंच धुळीचें वादळ सुटलें. त्यांत घाटकोपर येथें जाहिरातीचा एक प्रचंड फलक पेट्रोल-पंपावर कोसळला आणि सतरा माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां धूळ उठतांच फलक, कच्चीं छपरें व जुनीं झाडें यांपासून दूर व्हावें, पावसाच्या थेंबांची वाट पाहूं नये. पुढें हीच थंड हवा ढगाखालील तप्त हवेचा पुरवठा तोडते, आणि ढग स्वतःच्याच पावसानें विरून जातो. म्हणूनच वळीव बहुधा तासाभरांत आटोपतो.

गारांची कथा थोडी निराळी आहे. उंच ढगांत पाणी शून्य अंशाखालीं जाऊनहि द्रवरूप राहूं शकतें. वर चढणाऱ्या वाऱ्यानें उचलून धरलेल्या हिमकणांवर तें गोठत जातें, आणि गार जड झाली म्हणजे खालीं पडते. फेब्रुवारी-मार्चमध्यें वायव्येकडून येणाऱ्या थंड हवेच्या लाटेची दमट हवेशीं गांठ पडली, तर गारपिटीचा धोका वाढतो. आणि ही गारपीट दुपारचें वेळापत्रक पाळतेच असें नाहीं. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांतील अनेक जिल्ह्यांत अशा गारा पडल्या. गहूं, ज्वारी, कांदा, द्राक्षें, डाळिंबें यांचा नाश झाला. याच दिवसांत तासगांवाकडे द्राक्षें जाळ्यांवर पसरून बेदाणा वाळवितात. त्यास सुमारें दोन आठवडे कोरडी हवा लागते. शहरांतील घरीं शिऱ्यांत पडणाऱ्या मूठभर बेदाण्यामागें कोणाच्या तरी आकाशाकडे लागलेल्या डोळ्यांचे पंधरा दिवस असतात.

या सर्वांहून भयंकर ती वीज. भारतांत विजेनें दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरतात. त्यांत शेतांत काम करणारे व गुरें राखणारे यांचा भरणा मोठा असतो. कित्येकांचा घात होतो तो झाडाच्या आश्रयानें. उंच झाडावर वीज पडली, कीं ती बुंध्यावरून उतरतांना जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, आणि मुळांभोंवतालच्या जमिनींतूनहि पसरते. तेव्हां पावसांत भिजलेलें परवडलें, पण झाडाखालीं उभें राहूं नये. पक्कें घर किंवा कांचा लावलेली मोटार हा खरा आश्रय. दुचाकी, छत्री किंवा मैदानावरील मंडप यांनीं रक्षण होत नाहीं.

अंतर मोजण्याची एक सोपी युक्ति मुलांनाहि शिकवितां येते. वीज चमकतांच सेकंद मोजावे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. खेळ तत्काळ थांबवावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावांचून पुन्हां मैदानांत जाऊं नये. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, ही समजूत खोटी आहे.

आतां साधनेंहि पुष्कळ झालीं आहेत. १८७५ सालीं स्थापन झालेलें भारतीय हवामान खातें पुढील कांहीं तासांपुरता इशारा देतें, आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें साधन मोबाइलवर जवळपासच्या विजेची सूचना देतें. परंतु साधन हातीं असूनहि डोळे उघडे ठेवावेच लागतात. या दोन महिन्यांत बाहेरचें काम सकाळीं उरकावें. गड चढावयाचा तर दुपारपूर्वीं उतरून खालीं यावें. मैदानावरील सामना दुपारीं तीनपूर्वीं संपेल असा ठेवावा. मांडवाचे दोर लग्नघरच्या वडीलधाऱ्यांनीं दुपारीं एकदां स्वतः ओढून पाहावे. कुरडया घालणाऱ्या आजीबाई दोन वाजल्यापासून वारंवार गच्चीवर डोकावतात, तें उगीच नव्हे. कुरडया भिजल्या, तर पुन्हां घालतां येतात. झाडाखालीं धांवलेल्या मुलाला मात्र वेळींच हांक मारून घरांत घेतलें पाहिजे.